व्हिडिओ संपल्यावर

आठवीचा वर्ग, जिल्हा परिषदेची शाळा, भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही. बाईंनी मोबाइल जोडून अडीच मिनिटांचा एक व्हिडिओ लावला. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढ्या सामानात मोटर. वेटोळं गरागरा फिरलं तशा टाळ्या पडल्या. "कळलं का?" "हो बाई!" मी मागच्या बाकावर बसून पाहत होते. विज्ञानाचे असे तास मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यातले बहुतेक इथेच संपतात.

या बाईंचा तास इथून सुरू झाला. त्यांनी पिशवीतून सामान काढलं. तार गावातल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून उरलेल्या तुकड्यांची, लोहचुंबक जुन्या स्पीकरमधली, पिना सेलला धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचं रबर. सात गट झाले. पंचवीस मिनिटांनी सातांपैकी एकाच गटाची मोटर फिरत होती. दोघांची थरथरून थांबत होती, बाकीच्यांची हलतच नव्हती. मग मागणी आली, "बाई, व्हिडिओ परत लावा." आता वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मध्येच एक मुलगी ओरडली, "थांबवा, थोडं मागे घ्या!" पडद्यावरचा हात ब्लेडने तारेची टोकं खरवडत होता. पहिल्या खेपेला ते बहुतेकांच्या नजरेतून सुटलं होतं.

तांब्याच्या त्या तारेवर एनॅमलचा पातळ थर असतो. तो खरवडला नाही तर प्रवाह वेटोळ्यात शिरतच नाही. दोन्ही टोकं सगळीकडून खरवडली, तर अर्ध्या फेरीनंतर बल उलट दिशेने लागतं आणि वेटोळं जागच्या जागी डुलतं. म्हणून एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त एका बाजूने. उरलेल्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि वेटोळं मिळालेल्या गतीवर पुढे निघून जातं. हे पोरांनी स्वतः हुडकलं, त्याच व्हिडिओतून, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी त्यांच्यापाशी प्रश्नच नव्हता.

ऑनलाइन साधनांनी शाळेतलं विज्ञान सुधारतं का, या प्रश्नाचा आढावा घ्यायला बसले तेव्हा हा तास सारखा आठवत राहिला. साधन चांगलं की वाईट यापेक्षा ते तासात कुठे बसवलं आहे, यावर सगळं ठरतं असं माझं आता ठाम मत झालं आहे. ते मत कशावर उभं आहे हे सांगते.

पडद्यावरून विज्ञान शिकवायची आशा आपल्याकडे जुनी आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' या प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचवले गेले. त्यात शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होते आणि प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचं प्रशिक्षणही. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. आज चाळिशीत असलेल्या पिढीला तिचे कार्यक्रम आठवतात. २०१७ मध्ये ती बंद पडली आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्राचा 'दीक्षा' हा ऑनलाइन शिक्षण मंच आला. टाळेबंदीत, २०२० च्या जुलैपासून, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका लागायची. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता तिथेही ती पोचली, हे तिचं मोठं काम. या साऱ्या प्रवासात तंत्र बदलत गेलं. मुलाने पाहायचं आणि ऐकायचं, ही रचना मात्र फारशी हलली नाही.

आज मराठी शाळेतल्या शिक्षकाच्या हाताशी काय काय आहे? बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. धड्याजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षावरचे व्हिडिओ आणि सरावप्रश्न उघडतात. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडायची कल्पना आपल्याकडे रुजली, त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत काम केलेल्या रणजितसिंह डिसले यांचा वाटा मोठा. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. या कोडामागचा मजकूर मात्र एका तोलाचा नाही. काही व्हिडिओ मन लावून केलेले आहेत, काहींत पुस्तकातला परिच्छेदच कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं. असं वाचन ऐकायला तास कशाला घालवायचा?

याच्या दुसऱ्या टोकाला अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ आहे. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान या शालेय विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमात गेला आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून खेळणी करू लागला. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून केलेले आकार त्यातूनच आले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती केल्या, त्यातल्या कितीतरी मराठीत आहेत. त्यांचा मोठा गुण असा की त्या पाहून हात शिवशिवतात. बघणाऱ्याने उठून कात्री शोधावी म्हणूनच त्या केल्या आहेत.

वाचायचं साहित्यही कमी नाही, फक्त ते हुडकावं लागतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची पुस्तकं आहेत, मराठी विश्वकोश आहे, १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत. विश्वकोशातली विज्ञानाची नोंद सातवीच्या मुलाला थेट झेपत नाही, पण शिक्षकाला तासाआधी अर्धा तास वाचायला तिच्याइतकं भरवशाचं मराठी फार थोडं आहे. ऑनलाइन साधनांचा हा उपयोग कुणी फारसा बोलून दाखवत नाही. माझ्या मते तो सगळ्यात मोठा आहे. ती शिक्षकाची तयारीची खोली आहे. वर्गात टीव्ही नसला तरी चालेल, आदल्या रात्री गुरुजींच्या फोनवर रेंज हवी.

आता सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा आभासी प्रयोग. इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वात जास्त गैरसमज इथे आहेत. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. विज्ञान-गणिताची त्यांची सिम्युलेशनं फुकट आहेत, पुष्कळशी मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. आपल्याकडे अमृता विश्वविद्यापीठ आणि मुंबईचं सी-डॅक यांनी मिळून नववी ते बारावीसाठी 'ओलॅब्स' ही आभासी प्रयोगशाळा केली आहे. आभासी प्रयोग म्हणजे खोटा प्रयोग, असं म्हणणारे शिक्षक मला भेटतात. आभासी प्रयोगशाळा आली, आता काचसामानाचा खर्च वाचला, असं म्हणणारे अधिकारीही भेटतात. दोघांचंही चुकतं.

आठवीचा 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा धडा घ्या. मुलांची पक्की समजूत असते की सेलमधून निघालेली वीज बल्बमध्ये थोडी खर्च होते आणि उरलेली परत येते. पुस्तकातली आकृती ही समजूत मोडत नाही. खरा बल्बही मोडत नाही, कारण तार तर तारेसारखीच दिसते. फेटच्या परिपथात मात्र इलेक्ट्रॉनचे ठिपके सरकताना दिसतात, बल्बच्या अलीकडे जेवढ्या वेगाने तेवढ्याच वेगाने पलीकडेही. आधी सगळ्यांना वहीत अंदाज लिहायला लावायचा आणि मगच बटण दाबायचं. अंदाज चुकलेल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. २००५ मध्ये नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांना खऱ्या तारा-बल्ब दिले, काहींना हे सिम्युलेशन. नंतर खरा परिपथ जोडून तो समजावून सांगायला लावलं, तेव्हा सिम्युलेशनवर शिकलेले सरस ठरले.

हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या आठवीवर लादता येणार नाही. ते कॉलेजचे विद्यार्थी होते, घरात बल्ब-बटणं हाताळून मोठे झालेले. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांनी, विशेषतः मुलींनी, सेल-बल्ब जोडायला हातात घेतलेलेच नसतात. पडद्यावरच्या परिपथात तार कधी सैल होत नाही, होल्डरला गंज चढत नाही, सेल उतरत नाही. खऱ्या परिपथात यातलं काहीतरी होतंच आणि दोष शोधणं हाही विज्ञानाचाच भाग आहे. शिवाय चित्र डोक्यात घट्ट बसतं. एका तासाला एका मुलाने विचारलं, "सर, इलेक्ट्रॉन निळे असतात ना?" सरांनी तिथेच थांबून मॉडेल म्हणजे काय यावर दहा मिनिटं घालवली. तो तास मला फार आवडला. माझा अनुभव असा, की आधी खरे तारा-बल्ब, मग सिम्युलेशन, मग पुन्हा खरे तारा-बल्ब हा क्रम टिकाऊ ठरतो. वेळ नसेल तर सिम्युलेशन पाच मिनिटांवर आणावं, पण तारा-बल्ब सोडू नयेत.

व्हिडिओबद्दलही असाच एक डोळे उघडणारा अभ्यास आहे. आज 'व्हेरिटासियम' या विज्ञान वाहिनीमुळे जगाला माहीत असलेल्या डेरेक मलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली ती याच विषयावर, विज्ञानाचे व्हिडिओ कसे असावेत यावर. स्वच्छ, बिनचूक, सोपं स्पष्टीकरण असलेला व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, समजल्याची खात्रीही वाढली, पण चाचणीतले गुण जवळपास जिथल्या तिथे राहिले. आपल्याला आधी वाटत होतं तेच व्हिडिओत सांगितलं, असं त्यांना वाटलं होतं. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडली होती तो त्यांना गोंधळात टाकणारा वाटला, पण शिकणं त्यातून जास्त झालं. "कळलं का?" "हो बाई!" यावर किती भरवसा ठेवायचा ते यावरून ठरवता येईल. मुलांना व्हिडिओ आवडला, हा पुरावा म्हणून पुढे करायचं आपण थांबवलं पाहिजे.

भाषेचा प्रश्न आढाव्यात शेवटच्या ओळीत उरकतात. मला तो फार वर ठेवावासा वाटतो. मराठीत हवं ते सापडलं नाही की शिक्षक हिंदी व्हिडिओ लावतात. मुलांना हिंदी समजतं, त्यात काय, असं म्हणतात. आम्ल-आम्लारीच्या धड्यात काय होतं पाहा. बालभारतीच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी मिळतं. हिंदीत आम्लारीला 'क्षारक' म्हणतात, पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला 'क्षार', आणि आपण ज्याला क्षार म्हणतो त्याला 'लवण'. म्हणजे हिंदी निवेदक सोडियम हायड्रॉक्साइडला क्षार म्हणतो तेव्हा मराठी पोराच्या डोक्यात मीठ येतं. भिंगांचंही तसंच, आपलं बहिर्वक्र भिंग तिकडे 'उत्तल लेंस' होतं. सेमी इंग्रजीच्या वर्गात आणखी एक थर चढतो. पुस्तक इंग्रजीत, बाई बोलतात मराठीत, व्हिडिओतले उच्चार अमेरिकन. अशा वेळी आवाज बंद करून चित्र चालू ठेवावं आणि बाईंनी स्वतःच्या शब्दांत बोलावं, हा उपाय मी तीन-चार शाळांत पाहिला. तो उत्तम चालतो. मुलं प्रश्नही लगेच विचारतात, कारण बोलणारं माणूस समोर असतं.

साधनं पोचतात का, हा प्रश्न आकड्यांतच बघावा. २०२३-२४ च्या यूडायस प्लस या सरकारी शालेय माहितीच्या अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. घरचं चित्र वेगळं आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. फोन घरात आहे म्हणजे मुलाच्या हातात आहे असंही नाही. तो दिवसा वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर असतो, संध्याकाळी तीन भावंडांत एक, आणि त्यात मुलीचा नंबर शेवटी लागतो. म्हणून विज्ञानाचा गृहपाठ फोनवर पाठवणं मला मान्य नाही. वर्गात एक पडदा सगळ्यांसाठी, यात निदान सगळी मुलं एका रांगेत असतात. वीजबिल थकून शाळेची वीज तुटली तर तोही बंद. जुने जाणते शिक्षक म्हणूनच सगळं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतात. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे सॉफ्टवेअर बंद झालं तेव्हा त्यावर आधारलेलं कितीतरी शैक्षणिक साहित्य ब्राउझरमध्ये चालेनासं झालं. साधन विकत घेण्याआधी हे आठवावं.

खोट्या माहितीबद्दल थोडंच सांगते. दर दिवाळीला 'अवकाशातून दिसणारी भारतातली दिवाळी' म्हणून एक रंगीत चित्र फोनवर फिरतं. ते अनेक वर्षांच्या रात्रीच्या दिव्यांची माहिती एकत्र करून, कुठे दिवे कधी वाढले ते दाखवायला बनवलेलं चित्र आहे. सातवीच्या वर्गात ते लावून एवढंच विचारावं की एका रात्री दिव्यांचे इतके रंग कसे दिसतील? मूळ चित्र मुलंच शोधून काढतात. चॅटबॉटच्या उत्तरांनाही हीच सवय लावावी. उत्तर कुणी दिलं यापेक्षा ते तपासायचं कसं, हे आधी शिकवावं.

थेट प्रक्षेपणाची गोष्ट निराळी. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा कितीतरी गावांत शाळा पुन्हा उघडून मुलं पडद्यासमोर बसली होती. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एका वेळी ८० लाखांहून जास्त प्रेक्षक होते. त्या वीस मिनिटांत अभ्यासक्रमातलं काही शिकवलं गेलं नसेल, पण वेगाच्या कमी होत जाणाऱ्या त्या आकड्यांकडे मुलं श्वास रोखून बघत होती. असे क्षण शाळेने सोडू नयेत. त्यांचं मूल्यमापन करायच्या भानगडीतही पडू नये.

इंटरनेटचा मला सर्वात मोलाचा वाटणारा उपयोग मात्र आपल्याकडे अजून फार थोड्या ठिकाणी होतो. एका शाळेने मोजायचं, दुसरीने मोजायचं आणि दोघांनी मोजमापं जोडायची. झाडांच्या बहराची नोंद करणारा 'सीझनवॉच' हा उपक्रम याच विचारावर चालतो. पांगारा कधी फुलला, आंब्याला मोहोर कधी आला, हे देशभरातली मुलं आपापल्या झाडाखाली उभी राहून नोंदवतात. सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवसही अशा मोजणीला छान, पण पुण्यात तो मेच्या मध्याला येतो, तेव्हा शाळा बंद, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली.

कोल्हापूर आणि धुळे जवळजवळ एका रेखांशावर आहेत, सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. दोन्हीकडच्या एकेका शाळेने २१ मार्चला एक मीटर उंचीची काठी मैदानात उभी केली. दुपारी बारा-चाळीसच्या सुमारास सावली सगळ्यात आखूड होते, तिची लांबी घेतली. कोल्हापूरकडे ३० सेंटिमीटर, धुळ्याकडे ३८. आठवीला त्रिकोणमिती नसते, म्हणून वहीत प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजले: १७ अंश आणि २१ अंश. फरक ४. व्हिडिओ कॉलवर दोन्ही वर्ग समोरासमोर बसले आणि फळ्यावर मांडलं, ४ अंशांना ४६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर आलं ४१,८५०. पृथ्वीचा परीघ दोन सावल्यांवरून! इरॅटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं, हे सरांनी त्यानंतर सांगितलं.

"पण पुस्तकात तर चाळीस हजार आहे," धुळ्याकडची एक मुलगी म्हणाली. "मग चुकलं कुणाचं, तुमचं की आमचं?" कोल्हापूरकडच्या पोरांनी लगेच हिशोब करून पाहिला, फरक ४ ऐवजी साडेचार धरला तर परीघ ३७,२०० वर येतो. अर्ध्या अंशाने साडेचार हजार किलोमीटर इकडचे तिकडे! दोन्ही वर्ग हबकले. मग चर्चा लागली ती अशी: काठी खरंच उभी होती का, मैदान सपाट होतं का, वहीतला त्रिकोण फार लहान होता का. मोजायला २१ तारीखच हवी असंही नाही, दोन्हीकडे एकाच दिवशी मोजलं की कोनांतला फरक तोच राहतो, हे एका मुलाने सुचवलं तेव्हा सरांनाही ते आधी सुचलं नव्हतं.

तीन दिवसांनी पुन्हा मोजायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी धुळ्याहून एक फोटो आला. व्हरांड्याच्या फरशीवर खडूने काढलेला दीड मीटरचा त्रिकोण, आणि काठीला लागून दोरीने लोंबणारा गवंड्याचा ओळंबा. खाली लिहिलं होतं, "आमची काठी आता सरळ आहे. तुमची बघा."